गालाच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये 'पी-१६ निगेटिव्ह' आलंय, म्हणजे बाबांचं वाईट आहे का?

यवतमाळचा_पोरगा

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहिणार आहे, आधीच माफी मागतो. बाबांचं वय ५८, एसटीत कंडक्टर होते, खर्रा तीसेक वर्षं, दिवसाला चार-पाच पुड्या. उजव्या गालात आतून जखम झाली होती, तोंड आलंय म्हणून चार महिने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खात राहिले, आम्हाला सांगितलं नाही, मी पुण्यात नोकरीला आणि आईला वाटलं दाढ लागत असेल. शेवटी तोंड दोन बोटं पण उघडेना तेव्हा तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं, आज बारावा दिवस. गाल काढला, जबड्याची कड काढली, छातीचं मांस फिरवून तिथे लावलं, गळ्यातल्या गाठी पण काढल्या. नळीतून खाणं चालू आहे.

काल मोठा रिपोर्ट आला. पहिल्या पानावर असं आहे: गाठ २.८ सेंमी, खोली ८ मिमी, सगळ्यात जवळची कड ६ मिमी लांब, नसेभोवती पसरलाय असं लिहिलंय, गळ्यातल्या ३४ गाठींपैकी १ पॉझिटिव्ह, ती १.४ सेंमी, गाठीच्या बाहेर पसरलेला नाही. शेवटी पीटी२ पीएन१. इथपर्यंत थोडंफार समजलं. पण दुसऱ्या पानावर पी-१६ निगेटिव्ह, पी-५३ म्युटंट टाइप, ईजीएफआर ३ प्लस, केआय-६७ साठ टक्के, पीडी-एल१ सीपीएस १५. सर्जन साहेबांनी घाईत 'रेडिएशन लागेल, ऑन्कोलॉजीत दाखवा' एवढंच सांगितलं. मी रात्री दोन वाजेपर्यंत नेटवर वाचत बसलो, आणि सगळीकडे एकच, पी-१६ पॉझिटिव्ह असेल तर पेशंट छान जगतो, निगेटिव्ह असेल तर नाही. त्यात सकाळी एका लॅबच्या माणसाचा फोन, म्हणे ४५ हजारात पूर्ण जीन टेस्ट करून देतो, त्याशिवाय बरोबर ट्रीटमेंट ठरूच शकत नाही.

बाबांना काही सांगितलं नाही. पैसे उभे करीन, तो प्रश्न नाही, पण काय करावं काही समजून नाही राहिलं. पी-१६ निगेटिव्ह म्हणजे खरंच वाईट का? आणि ती जीन टेस्ट करू का?

एक_वाचक

आमच्या मामांना कोकणातल्या एका वैद्यांचा काढा लागू पडला होता, पत्ता हवा असेल तर मेसेज करा.

खानदेशी_काकू

वरच्यांनी कृपया इथे हे नको. पोरगा आधीच घाबरलाय.

स्लाइडवाली

दादा, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नाशिकला. तुमच्या बाबांच्या स्लाइड मी पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे ट्रीटमेंट तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगू शकते, आणि पहिल्यांदा हे सांगते की पी-१६ वरून जी रात्र तुम्ही जागून काढलीत ती फुकट गेली.

नेटवर जे वाचलंत ते खोटं नाही, ते दुसऱ्या जागेच्या कॅन्सरबद्दल आहे. डोकं-मान म्हणून एकच गठ्ठा करतात त्यात गाल, जीभ, टॉन्सिल, स्वरयंत्र, नाकामागचा भाग सगळं येतं, पण हे आजार एकमेकांचे सख्खे भाऊसुद्धा नाहीत. पी-१६ ची गोष्ट आहे घशातल्या कॅन्सरची, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेचं मूळ. तिथे बऱ्याच जणांना, विशेषतः अमेरिका-युरोपात, कॅन्सर होतो तो एचपीव्ही व्हायरसमुळे. २०१० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलचा निकाल आला, घशाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही पॉझिटिव्ह लोकांपैकी तीन वर्षांनी ८२.४ टक्के जिवंत होते आणि निगेटिव्हपैकी ५७.१ टक्के. फरक इतका मोठा की नंतर स्टेजिंगच्या (म्हणजे स्टेज ठरवायच्या नियमांच्या) आठव्या आवृत्तीत पी-१६ पॉझिटिव्ह घशाला वेगळा तक्ताच करावा लागला. तुम्ही वाचलेलं सगळं तिथून आलंय.

आता पी-१६ म्हणजे काय, तर पेशीच्या ब्रेकचं पेडल समजा. एचपीव्ही ब्रेकची वायरच तोडतो (त्या वायरीला आरबी प्रोटीन म्हणतात), मग पेशी जोरजोरात पेडल दाबत राहते, गाडी थांबत नाही, आणि आम्हाला स्लाइडवर पी-१६ गडद तपकिरी दिसतं. सत्तर टक्के किंवा जास्त पेशी तशा दिसल्या की पॉझिटिव्ह. तंबाखू-सुपारीच्या कॅन्सरमध्ये वायर नाही तुटत, बहुतेक वेळा पेडलच उपटलेलं असतं, म्हणजे पी-१६ बनवणारा जीनच उडालेला किंवा बंद पडलेला. म्हणून खर्रा खाऊन झालेल्या गालाच्या कॅन्सरमध्ये पी-१६ निगेटिव्ह येणं हे म्हणजे पावसाळ्यात छत्री ओली असण्यासारखं आहे, त्यात बातमी काहीच नाही. गालाच्या कॅन्सरमध्ये ही टेस्ट नेहमीसाठी करायचीच गरज नसते, पण पॅकेजमध्ये असते म्हणून केली जाते. यावरून बाबांचं चांगलं किंवा वाईट काहीच ठरत नाही.

बाकीचे पटापट. पी-५३ म्युटंट: एचपीव्ही नसलेल्या डोकं-मान कॅन्सरमध्ये दहातल्या आठेक जणांत हा जीन बिघडलेलाच असतो. बिघाडाचे प्रकार आहेत, २००७ मध्ये एक चांगला अभ्यास आला होता की प्रोटीन पूर्ण मोडून टाकणारे बिघाड असले तर जगण्याचं प्रमाण कमी दिसतं, पण आज त्यावरून कुणी ट्रीटमेंट बदलत नाही आणि स्लाइडच्या रंगावरून तो प्रकार कळत पण नाही. ईजीएफआर (पेशीला वाढ म्हणून सांगणारं प्रोटीन) ३ प्लस: बहुतेकांत जास्तच असतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर म्हटलं की गोळ्या चालू होतात हे लोकांनी ऐकलेलं असतं, पण तिथे जीनमधला बिघाड बघतात, इथे नुसतं प्रमाण, दोन वेगळ्या गोष्टी. केआय-६७ वाढीचा वेग दाखवतो, स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्याला किंमत आहे, इथे तो कुणी बघत बसत नाही.

राहिला सीपीएस. तो तुम्हाला १५ टक्के कॅन्सर उरलाय असा वगैरे वाटत असेल तर तसं नाही. ज्या पेशींवर पीडी-एल१ (शरीराच्या लढणाऱ्या पेशींना थोपवणारं प्रोटीन) दिसतं त्या मोजायच्या, कॅन्सरच्या पण आणि आसपासच्या लढणाऱ्या पेशी पण, त्याला एकूण कॅन्सर पेशींनी भागायचं आणि शंभरने गुणायचं. इम्युनोथेरपी लागू पडेल का याचा तो अंदाज आहे, आणि तो मुख्यतः आजार परत आला किंवा पसरला तर कामाचा. १ च्या वर असलं की औषध चालण्याची शक्यता वाढते, २० च्या वर आणखी. बाबांना आत्ता त्याचं काम नाही. रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा.

खरी माहिती तुम्ही 'थोडंफार समजलं' म्हणून सोडून दिलेल्या पहिल्या पानावर आहे. खोली ८ मिमी. कड ६ मिमी, ५ च्या वर असली की आम्ही मोकळी म्हणतो. एकच गाठ, लहान, आणि आजार गाठीचं कवच फोडून बाहेर आलेला नाही, हे वाक्य फ्रेम करून ठेवावं असं आहे, कारण तोंडाच्या कॅन्सरमध्ये पुढचं काय याचा सगळ्यात मोठा अंदाज गाठी आणि ते कवच देतं. विरुद्ध बाजूला काय, तर एक गाठ आली हे आलंच, आणि नसेभोवती पसरणं. म्हणून रेडिएशन. कवच फुटलं असतं किंवा कडेला आजार उरला असता तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिनचा केमो पण लागला असता, २००४ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या दोन ट्रायल एकत्रच आल्या त्यावरून हे ठरलंय. तुमच्या रिपोर्टमध्ये ती दोन्ही कारणं दिसत नाहीत.

खानदेशी_काकू

स्लाइडवाली ताईंनी छान सांगितलं. मी आमचं सांगते. ह्यांना जिभेचा होता, २०२१ ला. आमच्याकडे पण असाच एक माणूस आला होता, गोडबोल्या, टॅबवर रंगीत चित्रं दाखवून ५५ हजार घेऊन गेला, म्हणे रिपोर्ट आल्याशिवाय रेडिएशन सुरू करू नका, चुकीची ट्रीटमेंट व्हायची. आम्ही अडाणी नाही हो, मी शाळेत शिकवते, पण त्या वेळी डोकंच चालत नाही. पाच आठवडे थांबलो. २८ पानांचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी दोन मिनिटं चाळला आणि म्हणाले टीपी५३ (तोच पी-५३ चा जीन) आहे, ते असतंच, आणि मग एकदम आवाज चढवून विचारलं की रेडिएशन अजून का सुरू नाही केलं. ऑपरेशन होऊन नऊ आठवडे होऊन गेले होते. हे आज ठीक आहेत, तिखट खाता येत नाही एवढंच, पण ती हुरहुर माझ्या मनातून जात नाही की उशीर झाला, काही झालं असतं तर मीच जबाबदार. तर दादा आधी तारीख घ्या. टेस्ट करायची का नाही ते नंतर.

स्लाइडवाली

काकू, तुमची चूक नाही त्यात. पण मुद्दा शंभर टक्के बरोबर. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं, हा नियम जगभर पाळतात, उशीर झाला की आजार परत यायची शक्यता वाढते. दादा, तुमचे बारा दिवस गेलेत.

लीड्सकर

मी मूळचा साताऱ्याचा, पंधरा वर्षं इंग्लंडमध्ये. यवतमाळकर भाऊ, तुम्ही रात्री दोन वाजता जे वाचलंत ना, ते माझ्यासारख्या माणसाबद्दल लिहिलेलं असतं, म्हणून लिहितोय.

मला टॉन्सिलचा झाला, वय ४९, सिगरेट नाही तंबाखू नाही, गळ्यात एक गाठ आली दाढी करताना हाताला लागली. पी-१६ पॉझिटिव्ह. एका बाजूला तीन गाठी होत्या आणि डॉक्टरीणबाई म्हणतात स्टेज १. मला वाटलं माझं मन राखायला सांगतायत. नंतर कळलं की नव्या तक्त्यात एकाच बाजूच्या, सहा सेंमीपर्यंतच्या गाठी असल्या तरी पी-१६ पॉझिटिव्हवाल्याची स्टेज १ होऊ शकते, जुन्या तक्त्यात हाच माणूस स्टेज ४ होता. आजार तोच, माणूस तोच, तक्ता बदलला.

पण मला जे सांगायचंय ते पुढचं आहे. पॉझिटिव्ह आलं म्हणून मी लगेच हुशारी केली की मग मला सौम्य ट्रीटमेंट द्या, सिस्प्लॅटिन नको, सेटुक्सिमॅब द्या, त्याने कान जात नाहीत म्हणे. तेव्हा त्यांनी मला ट्रायल दाखवली, इंग्लंड, आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये ३३४ पी-१६ पॉझिटिव्ह पेशंटवर केलेली. सौम्य म्हणून दिलेल्या सेटुक्सिमॅबवर दोन वर्षांनी ८९.४ टक्के जिवंत, आणि सिस्प्लॅटिनवर ९७.५ टक्के. आणि त्रास पण एकूण कमी झालाच नाही. म्हणजे मार्कर बरोबर सांगत होता की हे लोक जास्त जगतात, पण त्यावरून औषध कमी करा असं तो सांगत नव्हता, ते लोकांनी आपल्या मनाने जोडलं. मी गप रेडिएशनचे ३५ लाइट आणि सिस्प्लॅटिन घेतलं. कानात अजून रातकिडे वाजतात. कांदाभजीची चव यायला दीड वर्ष लागलं.

स्लाइडवाली

लीड्सकर, एक नंबर उदाहरण. आमच्यात यालाच दोन शब्द आहेत, एक मार्कर सांगतो 'पुढे काय होईल', दुसरा सांगतो 'कुठलं औषध चालेल'. लोक, आणि खरं सांगायचं तर बरेच डॉक्टर पण, दोन्ही एकात घालतात. पी-१६ पहिल्या जातीचा, सीपीएस दुसऱ्या जातीकडे झुकणारा. आणि पी-१६ घशात पण अगदी पक्का साक्षीदार नाही, दहातल्या एकाच्या आसपास पी-१६ आणि प्रत्यक्ष व्हायरसची टेस्ट जुळत नाहीत.

बेंचवरचा

मी पीएचडी याच विषयात करतोय म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो, सगळ्यांनी जीन टेस्टला झोडपलंय म्हणून. आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरचे जीन बघायचं मोठं काम भारतातच झालंय, कल्याणीची बायोमेडिकल जीनोमिक्सची संस्था आणि खारघरचं टाटाचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक यांनी मिळून, २०१३ ला छापून आलं. टीपी५३, फॅट१, कॅस्प८, एचरास, नॉच१ हे तर मिळालेच पण यूएसपी९एक्स, एआरआयडी२ असे काही जीन पण मिळाले जे आधीच्या अभ्यासांत या कॅन्सरशी जोडलेले नव्हते. म्हणजे खर्राचा कॅन्सर ही आपली गोष्ट आहे, आपणच सोडवायची आहे, आणि टेस्ट केल्याशिवाय ती सुटणार नाही. आणि अगदीच उपयोग नाही असं पण नाही, एचरास बिघडलेला असेल तर टिपिफार्निब नावाची गोळी आहे, २०२१ च्या अभ्यासात तो बिघाड भरपूर प्रमाणात असलेल्या २० पेशंटपैकी ११ जणांच्या गाठी चांगल्या आकसल्या. इतर सगळी औषधं थकल्यावर हे कमी नाही.

स्लाइडवाली

मान्य, पण तुम्हीच म्हणालात, सगळी औषधं थकल्यावर. आणि एचरास बिघडलेले किती, शंभरात चार ते आठ. संशोधनासाठी टेस्ट करायची तर ती संशोधनाच्या पैशातून व्हावी, कंडक्टरच्या पीएफमधून नाही.

बेंचवरचा

हे बरोबर. मी पण तेच म्हणतोय खरं तर, नीट लिहिता आलं नाही.

यवतमाळचा_पोरगा

काय बोलू. सगळ्यांचे खूप खूप आभार, ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. काकू तुमचं वाचून लगेच फोन केला, ऑन्कोलॉजीची सोमवारची तारीख मिळाली. योजनेत बसतंय का ते पण विचारतो, महात्मा फुले योजनेचं कार्ड आहे.

अजून दोन प्रश्न होते. एक, आई सारखी म्हणते स्कॅनमध्ये गळ्यात गाठ नव्हती तर गळा उगाच का कापला, खांदा वर होत नाही त्यांचा. दोन, मी काल परत वाचलं (हो माहितीये) की अमेरिकेत आता ऑपरेशनच्या आधीच इम्युनोथेरपी देतात आणि सीपीएस १ च्या वर असलं की चालते. बाबांचा तर १५ आहे. म्हणजे आपण चान्स घालवला का?

स्लाइडवाली

आईंना सांगा, स्कॅनमध्ये नव्हती आणि तरी ३४ मधून एक निघालीच ना. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने हेच तपासलं होतं, गळ्यात काही दिसत नसताना आधीच गाठी काढायच्या का दिसल्यावर. २०१५ ला निकाल आला, आधी काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, थांबलेल्यांत ६७.५. जगभर त्यावर चालतात. खांद्यासाठी फिजिओथेरपी आत्तापासून, घरी भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम, तो फिजिओवाले दाखवून देतील.

दुसरं. बरोबर वाचलंत, २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पेम्ब्रोलिझुमॅब, दोन डोस ऑपरेशनच्या आधी आणि नंतर १५. आधी दिलं तरच ती पद्धत, आता नंतर नुसतं जोडून तसा फायदा होईल असं त्यातून निघत नाही. आणि एका डोसची किंमत लाखात असते, गुणिले १७ करा. आपल्याकडे तुमच्या जागी कुणीही असतं तर ऑपरेशन आणि मग रेडिएशन हेच झालं असतं. चान्स वगैरे काही घालवला नाही तुम्ही.

इम्युनोथेरपीचं अजून एक सांगते, कधी लागू नये पण लागलीच तर दार बंद नाही हे कळावं म्हणून. टाटामध्येच बरा न होण्याच्या टप्प्यातल्या पेशंटवर निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या २४० चा बारावा हिस्सा, तीन आठवड्यांतून एकदा, आणि सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, अर्लोटिनिबच्या गोळ्या दिल्या. एक वर्षाने जिवंत ४३.४ टक्के, नुसत्या गोळ्यांवर १६.३. आणि त्यात पीडी-एल१ बघून पेशंट निवडले नव्हते.

आता मी एक विचारते. खर्रा सुटलाय का?

यवतमाळचा_पोरगा

सुटलाय म्हणतात.

खानदेशी_काकू

म्हणतात??

यवतमाळचा_पोरगा

काल वॉर्डात उशीखाली कागदात सुपारी सापडली. खात नाहीत, तोंडात घालताच येत नाही त्यांना आत्ता, नुसता वास घेतो म्हणाले. मी काही बोललो नाही, काय बोलणार, जाऊन डब्यात टाकून आलो आणि बाहेर येऊन रडलो.

स्लाइडवाली

रडा हो, त्यात काय. पण हे ऑन्कोलॉजीच्या डॉक्टरांना सोमवारी नक्की सांगा, लपवू नका, समुपदेशन आणि निकोटिनच्या पट्ट्या दोन्ही मिळतात. तीस वर्षं त्या रसात भिजलेलं अख्खं तोंड आहे, एका जागचा कॅन्सर काढला तरी शेजारची कातडी त्याच वाटेवर असते, आमच्यात याला फील्ड कॅन्सरायझेशन म्हणतात, १९५३ पासूनचा शब्द आहे. दुसरा नवीन कॅन्सर उगवतो तो असा. पी-५३, केआय-६७ वर आपल्याला काही करता येत नाही, उशीखालच्या पुडीवर येतं.

आणि सोमवारच्या आधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. किडलेले, हलणारे दात रेडिएशनच्या आधीच काढतात, जखम भरायला दहा-चौदा दिवस लागतात, आणि रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडायची भीती असते. हे कुणी वेळेवर सांगत नाही आणि मग तारीख पुढे जाते.

यवतमाळचा_पोरगा

ताई हे कुणीच बोललं नव्हतं. उद्याच नेतो. तो लॅबवाला परत फोन करून राहिला, म्हणतो ब्लॉक लवकर पाठवा नाहीतर खराब होईल. खरंय का?

स्लाइडवाली

नाही. मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बाबांच्या गाठीचा तुकडा, हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत वर्षानुवर्षं राहतो, कधी टेस्ट लागलीच तर तेव्हा निघतो. जुन्या ब्लॉकवरून सुद्धा होते, आणि आजार परत आला तर तसंही नवीन तुकडा घेणं बरं. ब्लॉक नंबर रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात असेल, त्याचा फोटो काढून ठेवा.

यवतमाळचा_पोरगा

काढला. दातवाल्याकडे उद्या ११ ची वेळ आहे.